हात स्टेअरिंगवर, लक्ष भलतीकडे

सकाळचे पावणेनऊ वाजले आहेत. कोलशेत रोडवरच्या एका सोसायटीच्या फाटकातून गाडी बाहेर पडते. चालवणारा चौतीस वर्षांचा, ऐरोलीत नोकरीला. साडेनऊची मीटिंग आहे, म्हणजे निघायला हवे होते सव्वाआठला. पण आधी चावी सापडेना, मग पाकीट राहिले, मग लॅपटॉपच्या चार्जरसाठी लिफ्टने पुन्हा वर. आता उशीर भरून काढायचा म्हणून ढोकाळीपर्यंत दोन रिक्षांना कट मारून झाला आहे. डोक्यात मीटिंगमध्ये काय बोलायचे याची उजळणी चालू आहे. कापूरबावडी जवळ येते आणि शेजारी बसलेली बायको ओरडते, "अरे, लाल आहे सिग्नल!" करकचून ब्रेक. पुढच्या टेम्पोला गाडी टेकता टेकता राहते.

हा माणूस काल्पनिक आहे, पण अनेकांना तो ओळखीचा वाटेल. गाडीच्या बंपरवर जुने ओरखडे, मोबाइलवर ई-चलानांचे संदेश आणि घरात ठरून गेलेला शिक्का: "निष्काळजी आहे, दुसरे काय!" खरे तर गाडी त्याला उत्तम येते. वाहतुकीचे नियम पाठ आहेत. अपघात होऊ नये असे त्यालाही मनापासून वाटते. तरीही तेच तेच पुन्हा का घडते?

प्रत्येक धांदरट चालकाला आजार असतो, असे अजिबात नाही. पण अशा काही जणांच्या बाबतीत लहानपणापासून सोबत असलेली आणि कधीच न तपासलेली एक अवस्था मुळाशी असते. तिचे नाव एडीएचडी, म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर. मराठीत आपण तिला अवधान-न्यूनता व अतिचंचलता म्हणतो.

फक्त मुलांचा आजार?

वर्गात एका जागी न बसणारा, सतत चुळबुळ करणारा मुलगा हे एडीएचडीचे आपल्या मनातले चित्र. ते जुने आहे. १७९८ मध्ये अलेक्झांडर क्रिक्टन या स्कॉटिश वैद्याने लक्ष टिकवू न शकणाऱ्या माणसांचे वर्णन लिहून ठेवले होते. १९०२ मध्ये लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्याने दिली. त्यानंतर बराच काळ, मूल मोठे झाले की हे आपोआप सुटते, अशीच समजूत होती.

ती खरी ठरली नाही. वय वाढते तशी धावपळ आणि उड्या मारणे कमी होते, पण लक्ष निसटणे, वेळेचा अंदाज चुकणे, मनात आले की लगेच करून मोकळे होणे हे अनेकांत टिकून राहते. मानसिक आजारांचे निदान करण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी नियमावलीच्या २०१३ च्या आवृत्तीत म्हणूनच प्रौढांसाठी वेगळे निकष आले. लक्षणे बाराव्या वर्षाआधीच दिसलेली असावीत आणि घर, काम, नातेसंबंध अशा एकाहून अधिक ठिकाणी त्यांचा त्रास होत असावा, ही त्यातली अट. बालपणापासून टिकून राहिलेला एडीएचडी जगभरातील प्रौढांपैकी साधारण अडीच टक्के जणांत असावा, असा अंदाज आहे. मल्याळम अभिनेता फहाद फासिल याने आपले निदान वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी झाल्याचे २०२४ मध्ये जाहीरपणे सांगितले, तेव्हा 'इतक्या उशिरा?' असे आश्चर्य अनेकांना वाटले. डॉक्टरांना मात्र ते नवे नव्हते. पुष्कळदा मुलाला तपासायला आणलेल्या आईला किंवा वडिलांना प्रश्नोत्तरे ऐकताना लक्षात येते की, ही तर आपलीच गोष्ट आहे.

नाव 'न्यूनता' असे असले, तरी एडीएचडीमध्ये लक्ष कमी असते असे नाही. ते हवे तिथे लावणे, टिकवणे आणि हवे तेव्हा काढून घेणे अवघड जाते. मेंदूच्या पुढच्या भागाकडे नियोजन, संयम आणि अवधान यांची जबाबदारी असते. डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन या रसायनांद्वारे तिथे चालणारा संदेशवहनाचा कारभार या व्यक्तींमध्ये वेगळ्या पद्धतीने चालतो. त्यामुळे आवडीच्या कामात चार तास डोके वर न काढणारा माणूस कंटाळवाण्या कामात चार मिनिटेही टिकत नाही. आणि रोजच्या रस्त्यावर गाडी चालवणे हे बहुतेक वेळा कंटाळवाणेच काम असते. मधूनच एखादा क्षण असा येतो, की तेव्हा लक्ष नसले तर जीवावर बेतते.

आकडे काय सांगतात?

२०२२ मध्ये भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ जणांचा जीव गेला. मृतांमध्ये सर्वाधिक, म्हणजे सुमारे ४४ टक्के, दुचाकीस्वार होते. यातले किती अपघात एडीएचडीमुळे झाले, हे पोलिसांच्या पंचनाम्यातून कळत नाही. तिथे कारण लिहिले जाते ते 'भरधाव वेग' किंवा 'निष्काळजीपणा'. चालकाच्या मेंदूत काय चालले होते, हे विचारायची पद्धत नाही.

स्वीडनमध्ये मात्र अपघात, निदान आणि औषधे यांच्या नोंदी एकमेकींशी जोडून पाहता येतात. तिथल्या कॅरोलिन्स्का संस्थेतील झेंग चांग आणि सहकाऱ्यांनी एडीएचडीचे निदान झालेल्या १७,४०८ प्रौढांच्या २००६ ते २००९ या काळातील नोंदी तपासल्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, इतरांच्या तुलनेत गंभीर वाहन अपघाताची जोखीम पुरुषांमध्ये ४७ टक्क्यांनी, तर स्त्रियांमध्ये ४५ टक्क्यांनी जास्त होती.

हा आकडा ऐकून 'अशांना लायसन्सच देऊ नका' असे म्हणण्याची घाई करू नये. त्याच वर्षी नॉर्वेतील वाहतूक अर्थशास्त्र संस्थेच्या ट्रुल्स व्हा या संशोधकाने आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून त्यांची छाननी केली. पूर्वी काही ठिकाणी ही जोखीम तिप्पट-चौपट असल्याचे म्हटले जात होते. पण जो जास्त किलोमीटर गाडी चालवतो त्याचे अपघातही जास्त होणार, हे लक्षात घेऊन हिशेब मांडला, तेव्हा वाढीव जोखीम सुमारे २३ टक्के निघाली. म्हणजे हृदयविकार असलेल्या चालकांइतकीच. या व्यक्तींना वेगमर्यादा मोडल्याबद्दल जास्त वेळा दंड झालेला होता, पण दारू पिऊन गाडी चालवण्याचे प्रमाण त्यांच्यात जास्त नव्हते, हेही त्यात दिसले.

हृदयविकार असलेल्या माणसाला आपण 'गाडी विकून टाक' असे सांगत नाही. वेळेवर गोळ्या घे, तपासणी करत राहा, दमला असशील तर चालवू नकोस, असे सांगतो. एडीएचडीबाबतही हीच भूमिका शहाणपणाची आहे.

चूक नेमकी कुठे होते?

गाडी शिकताना प्रत्येकाचे लक्ष पूर्ण असते. क्लच, गिअर, आरसा यांतून मनाला भटकायला सवडच मिळत नाही. काही महिन्यांनी हातपाय आपोआप चालू लागतात आणि मन मोकळे होते. एडीएचडी असलेल्यांसाठी खरा धोका इथून सुरू होतो. तो साधारण चार ठिकाणी गाठतो.

पहिले ठिकाण घरातच असते. तिथे चुकतो तो वेळेचा अंदाज. 'कापूरबावडी काय, पाच मिनिटांत' हा हिशेब रोज चुकतो आणि रोज तोच केला जातो. उशीर घरात होतो, पण भरून काढला जातो रस्त्यावर.

दुसरे म्हणजे सरळ, ओळखीचा रस्ता. नजर पुढे असते, पण मन कार्यालयात किंवा कालच्या भांडणात. पुढच्या गाडीचे ब्रेक लाइट डोळ्यांना दिसतात, पण मनाला त्यांची दखल घ्यायला उशीर होतो.

तिसरे म्हणजे एकाच वेळी अनेक गोष्टी समोर येणे. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामाने मार्गिका कितीदा बदलल्या, हे ठाणेकरांना सांगायला नको. उजवीकडे पत्रे, डावीकडे न्हावाशेवा ते गुजरात ये-जा करणारा कंटेनर, मध्येच खड्डा, उलट दिशेने येणारी दुचाकी आणि तेवढ्यात मोबाइलची घंटी. यातले आत्ता महत्त्वाचे काय, ही निवड मेंदूला क्षणात करायची असते. एडीएचडीत नेमकी हीच निवड गडबडते. कोलशेतहून काशेळी, कोनमार्गे कल्याणला जाणाऱ्यांनाही हा अनुभव नवा नाही.

चौथे ठिकाण रागाचे. कुणी आडवे घातले की इतरांनाही राग येतोच, पण राग आणि कृती यांच्यामध्ये जी एका श्वासाची फुरसत असते, ती इथे मिळत नाही. हॉर्न, शिवी आणि ओव्हरटेक एकदमच होतात.

दोन सेकंद म्हणजे फार नाहीत असे वाटते. पण ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत २२ मीटर पुढे जाते, ६० च्या वेगाने ३३ मीटर. अमेरिकेत शंभर गाड्यांमध्ये कॅमेरे बसवून केलेल्या एका गाजलेल्या अभ्यासात, नजर दोन सेकंदांहून अधिक काळ रस्त्यावरून हटली की अपघाताची किंवा थोडक्यात टळलेल्या अपघाताची शक्यता किमान दुप्पट होते, असे दिसले होते. हे सर्वांनाच लागू आहे. एडीएचडीत असे दोन सेकंद दिवसातून अधिक वेळा येतात, एवढेच.

जोखीम कमी होते

या विषयातली सर्वांत आशादायक माहिती उपचारांबद्दलची आहे. झेंग चांग यांच्या गटाने २०१७ मध्ये अमेरिकेतील २३ लाखांहून अधिक एडीएचडी रुग्णांच्या विम्याच्या नोंदींवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एका माणसाची दुसऱ्याशी तुलना करण्याऐवजी त्याच माणसाचे औषध घेतलेले महिने आणि न घेतलेले महिने ताडून पाहिले. स्वभाव, कुटुंब, आर्थिक स्थिती असे फरक त्यामुळे बऱ्याच अंशी बाजूला पडतात. औषध चालू असलेल्या महिन्यांत वाहन अपघातामुळे आपत्कालीन कक्षात दाखल होण्याचे प्रमाण पुरुषांमध्ये ३८ टक्क्यांनी आणि स्त्रियांमध्ये ४२ टक्क्यांनी कमी होते.

यासाठीचे मिथाइलफेनिडेट हे औषध भारतात मिळते. पण ते अमली आणि मनोव्यापारी पदार्थांच्या कायद्याखालील यादीत असल्याने मानसोपचारतज्ज्ञाच्या चिठ्ठीशिवाय आणि देखरेखीशिवाय घेता येत नाही. ॲटोमॉक्सेटिन हा दुसरा पर्यायही आहे. औषध सुरू करण्याआधी रक्तदाब आणि हृदयाची स्थिती पाहावी लागते. 'अभ्यासात लक्ष लागावे' म्हणून मित्राची गोळी मागून घेणे धोक्याचे आहे.

औषधाबाबत एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे ती वेळेची. व्हर्जिनिया विद्यापीठातील डॅनियल कॉक्स यांनी २००४ मध्ये सहा तरुणांना दुपारी, संध्याकाळी, रात्री आठ वाजता आणि अकरा वाजता सिम्युलेटरवर गाडी चालवायला लावली. कमी वेळ टिकणाऱ्या गोळ्या दिवसातून तीनदा घेतल्या, तेव्हा रात्री आठच्या सुमारास चालवणे बिघडले. दिवसभर टिकणारी एकच गोळी घेतली, तेव्हा तसे झाले नाही. अभ्यास फार छोटा आहे, त्यावरून नियम काढता येत नाही. पण आपल्याकडे कामावरून परतणारे रात्री आठ-नऊला माजिवड्याच्या कोंडीत असतात. दिवसभराचा थकवा त्यात मिसळलेला असतो. म्हणून डॉक्टरांना 'मी सकाळी किती वाजता निघतो आणि रात्री किती वाजता परततो' हे आवर्जून सांगावे. गोळीची वेळ आणि प्रकार ठरवताना ते उपयोगी पडते.

औषधाखेरीज सरावानेही फरक पडतो. सिनसिनाटी येथील बाल रुग्णालयात जेफरी एपस्टाइन यांच्या गटाने एडीएचडी असलेल्या १५२ किशोरवयीन चालकांवर केलेली चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. सिम्युलेटरवर सराव करताना नजर दोन सेकंद रस्त्यावरून हटली की इशाऱ्याचा आवाज व्हायचा. मग वर्षभर मुलांच्या स्वतःच्या गाड्यांमध्ये कॅमेरे ठेवले. जोराचा ब्रेक लागणे किंवा गाडीला हिसका बसणे अशा प्रसंगांपैकी प्रत्यक्ष किंवा थोडक्यात टळलेला अपघात किती वेळा होता, हे मोजले. सराव केलेल्यांत हे प्रमाण ३.४ टक्के, तर तुलनेसाठीच्या गटात ५.६ टक्के होते.

हे सारे अभ्यास परदेशातले आणि मुख्यतः चारचाकी वाहनांचे आहेत, हे विसरू नये. आपल्याकडे दुचाकीस्वाराला चूक सावरायला ना पत्र्याचे कवच असते ना एअरबॅग. म्हणून हेल्मेट आणि वेग या दोन गोष्टींचे मोल त्याच्यासाठी अधिकच आहे.

निदान आणि लायसन्स

मोबाइलमुळे सगळ्यांचेच लक्ष विचलित होते. मग आजार कसा ओळखायचा? तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. हे शाळेपासून आहे का? गाडीखेरीज घरी, कामावर, पैशांच्या व्यवहारातही आहे का? त्यामुळे खरोखर नुकसान झाले आहे का? तिन्हींची उत्तरे 'हो' असतील, तर तपासणी करून घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी तयार केलेली सहा प्रश्नांची चाचणी डॉक्टर वापरतात, पण ती केवळ चाळणी आहे. झोपेतील श्वसनाचा अडथळा, थायरॉइड, चिंता, नैराश्य यांमुळेही लक्ष लागत नाही. ते तपासूनच निदान होते. जुनी प्रगतिपुस्तके आणि आईवडिलांच्या आठवणी इथे कामी येतात.

ठाण्यात १९०१ पासून असलेले प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. 'तिथे कसे जायचे?' हा संकोच अजून गेलेला नाही. त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतूनही बोलते. पहिला फोन तिथे करता येतो.

दुसरी भीती लायसन्सची असते. आपल्याकडे लायसन्ससाठी भरायच्या स्वयंघोषणेत फेफरे, चक्कर, अचानक शुद्ध हरपणे यांविषयी विचारले जाते. एडीएचडीचा वेगळा उल्लेख त्यात नाही. ब्रिटनमध्ये एडीएचडीचा किंवा त्यावरील औषधाचा सुरक्षित वाहन चालवण्यावर परिणाम होत असेल, तर परवाना देणाऱ्या यंत्रणेला कळवणे बंधनकारक आहे. म्हणजे तिथेही निदान झाले म्हणून परवाना गेला, असे होत नाही. परिणाम होतो की नाही, हे महत्त्वाचे. मात्र निदान ही सबबही नव्हे. रस्त्यावरची जबाबदारी चालवणाऱ्याचीच असते. निदानामुळे ती पार पाडण्याची साधने हाती येतात.

आजपासून काय करता येईल?

- पोहोचायच्या वेळेचा नव्हे, निघायच्या वेळेचा गजर लावा. दोन गजर असावेत: एक आवरून घेण्याचा, दुसरा दाराबाहेर पडण्याचा. चावी, पाकीट, लायसन्स यांची जागा दाराजवळ एकच ठेवा.
- मोबाइल हाताला लागणार नाही असा ठेवा. दुचाकीवर डिकीत, गाडीत मागच्या सीटवरच्या बॅगेत. रस्ता पाहायचा तर नकाशा निघण्याआधीच लावा.
- मन भटकते आहे असे वाटले, की समोर दिसते ते मोठ्याने बोला: "पुढे रिक्षा, डावीकडे बस थांबली, माणूस उतरतोय." ऐकायला विचित्र वाटते, पण मन रस्त्यावर परत येते.
- १ जुलै २०१९ नंतर तयार झालेल्या गाड्यांमध्ये वेगाचा इशारा असतो, पण तो ताशी ८० किलोमीटरनंतर वाजतो. शहरात त्याचा उपयोग नाही. मोबाइलवरील नकाशात किंवा गाडीत सोय असेल, तर तो ५० वर लावून घ्या.
- झोप कमी झाली असेल, गोळी चुकली असेल किंवा नुकतेच भांडण झाले असेल, त्या दिवशी टीएमटी किंवा रिक्षा बरी.
- शेजारी बसणाऱ्यांनी टोमणे मारू नयेत. "लक्ष कुठाय तुझं?" याने लक्ष रस्त्यावरून टोमण्यावर जाते. "पुढे सिग्नल आहे" एवढे आधी आणि शांतपणे सांगणे जास्त कामाचे. वाद घरी पोहोचल्यावर.

कापूरबावडीच्या सिग्नलला थांबलेल्या त्या जोडप्याकडे परत जाऊ. त्याने बायकोची माफी मागितली असेल, पुन्हा असे होणार नाही असे वचनही दिले असेल. असे वचन त्याने याआधीही दिले आहे आणि प्रत्येक वेळी ते खरेच होते. त्याला आता आणखी एका वचनाची गरज नाही. दोघांनी मिळून डॉक्टरांची वेळ घ्यावी, जाताना शाळेतली प्रगतिपुस्तके सोबत न्यावीत आणि तपासणी होईपर्यंत सकाळी स्टेअरिंगवर तिने बसावे. कोलशेतहून ऐरोलीला पोहोचायला तेवढाच वेळ लागेल.